सोडा, धरा

इथल्या मोठ्या हॉस्पिटलात तळमजल्यावर एक यंत्र आहे. बायका त्यावर पालथ्या झोपतात आणि स्पीकरमधून एक आवाज त्यांना दरडावतो, की श्वास सोडा, आता थोडा वेळ घेऊ नका, हात सैल ठेवा, कशालाही धरू नका. दरडावतो म्हणजे खरंच दरडावतो. तो आवाज माझा आहे.

मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. मी बायकांचे कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, शिलाई मशीन, कापायचं टेबल, एक आरसा आणि एक पडदा. गिऱ्हाइकं मला टेलरबाई म्हणतात. माझा आवाज गोड आहे असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला दुकानातून हाक मारली तर तो जागच्या जागी थांबतो, इतपत आहे. तरी तो आज त्या यंत्रात जाऊन बसलाय, आणि कसा बसला हे सांगायचं तर सुनेपासून सुरुवात करावी लागेल. तिथेच तर पंचाईत आहे, कारण माझी सून बोलतच नाही.

मुलानं तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी विचारलं, काय काम करतेस. ती म्हणाली, चित्रं साफ करते. मला वाटलं, तसबिरी पुसायचं काम असेल. म्हटलं चला, घरात धूळ तरी राहणार नाही. पुढे कळलं की ती हॉस्पिटलात स्तनांच्या सीटी स्कॅनची चित्रं साफ करते, आणि घरातल्या धुळीकडे तिचं अजिबात लक्ष नसतं.

तिचं काम मला समजायला वर्ष गेलं. ते यंत्र म्हणजे मध्ये भोक असलेलं एक उंच टेबल आहे. बाईनं पालथं झोपायचं, एक बाजू त्या भोकातून खाली सोडायची आणि खाली यंत्राचा डोळा तिच्याभोवती एक फेरी मारतो. जुन्या यंत्रात दोन पाट्यांमध्ये धरून चेपायचे, तसा प्रकार इथे नाही. पण नाजूक जागा, त्यामुळे किरण बेताचे सोडायचे. किरण कमी, की चित्र दाणेदार येतं, जाड्याभरड्या कापडासारखं. ते दाणे पुसायचे ही हिची कामगिरी. आता गंमत अशी, की आजाराची सुरुवातही कधी कधी दाण्यांनीच होते, चुन्याचे मोहरीहून बारीक कण. जास्त पुसलं तर तेही पुसले जातात. कमी पुसलं तर डॉक्टरला काही दिसत नाही.

हे तिनं एकदा जेवताना सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे इस्त्रीसारखं झालं की. सुरकुती घालवायची, पण मुद्दाम घातलेली चुणी मोडायची नाही. ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, हो, अगदी तसंच. त्या दिवसापासून आमचं जरा जमायला लागलं. म्हणजे दिवसाकाठी चार वाक्यं बोलायची ती सहा बोलायला लागली.

मला स्वतःला त्या टेबलावर चढायची मुळीच इच्छा नव्हती. माझी थोरली बहीण याच दुखण्यानं गेली. मला कात्री धरायला तिनंच शिकवलं होतं. तिचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि त्यानंतर मी त्या विषयाला हात लावायचा नाही असं ठरवूनच टाकलं होतं. मुलगा शाळेत गणित शिकवतो, तो मला टक्के सांगायचा. बहिणीला असलं तर एवढे टक्के, वय वाढलं तर तेवढे टक्के. मी म्हणायचे, तुझे टक्के फळ्यावर ठेव. सून मात्र कधी काही बोलली नाही. एकदाच बोलली, दुकानात येऊन, पडद्याशी उभी राहून.

‘आई, मी रोज परक्या बायकांची चित्रं बघते. घरातल्या बाईचं एकदा बघू द्या.’

मी सुईत दोरा ओवत बसले, तो काही ओवला जाईना, शेवटी म्हटलं, ठरव कधी ते.

गेले त्या दिवशी माझा तोरा विचारू नका. सुनेचं हॉस्पिटल, सुनेचं यंत्र. तिथली टेक्निशियनबाई माझ्याच वयाची, बोलकी, हसतमुख. तिनं माझी उठबस अशी केली की मी पाहुणी आहे की पेशंट हेच कळेना. कपडे बदलायला लावले, टेबलाजवळ नेलं. डोक्याच्या बाजूला दोन दांड्या होत्या, वर चढताना आधाराला. तिनं सांगायला तोंड उघडलं, ‘आता काय करायचं ते तुम्हाला—’ आणि मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे, घरात दुसरं बोलणंच नसतं. तिलाही ते पटलं. मॅडमच्या सासूबाई, म्हणजे मॅडमनी घरी सांगितलंच असणार. मॅडमना वाटलं होतं, टेक्निशियनबाई सांगतील. आणि मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

झोपले. तोंड एका गोल उशीत, कान दोन्हीकडून झाकलेले, नाकासमोर जमिनीची फरशी. छाती त्या भोकात लोंबकळत. अशा अवस्थेत माणसाचा तोरा फार वेळ टिकत नाही. थोरली आठवली, तिच्या शेवटच्या दिवसांतले हात आठवले, आणि मनात म्हटलं, देवा, यातलं काही माझ्या वाट्याला नको. तेवढ्यात यंत्र घरघरायला लागलं आणि वरून सुनेचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, अगदी स्वच्छ.

‘सोडा. धरा.’

बस, एवढंच. मी चढताना पकडलेल्या दांड्या अजून सोडल्या नव्हत्या. सोडा म्हणाली, सोडल्या. धरा म्हणाली, धरल्या. आणि अशा धरल्या, की कुणी ओढून नेत असतं तरी हलले नसते. मनात म्हटलं, चांगलं घट्ट धरावं, सुनेचं चित्र हलायला नको. दुसऱ्या बाजूलाही तेच. सोडा, सोडल्या. धरा, धरल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी निमूट ऐकलं होतं, आणि ते असं ऐकलं.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी बोलावलं. या डॉक्टरबाई चित्रं वाचतात, सरळ बोलतात, उगाच गोड बोलून माणसाला झुलवत ठेवत नाहीत. त्या म्हणाल्या, उजव्या बाजूला अगदी मागे, बरगड्यांच्या जवळ, एक धुरकट डाग दिसतोय. त्याच्या कडा कळत नाहीत. गाठ आहे असं म्हणवत नाही, नाही असंही म्हणवत नाही. सोनोग्राफी केली, तिच्यात काही सापडलं नाही, पण इतक्या खोल जागी सोनोग्राफीवर विसंबून राहता येत नाही. तेव्हा सुईनं तुकडा काढून तपासायचा. जागा अवघड, पण करू. पुढच्या आठवड्यातला दिवस ठरला.

बाहेर येऊन मी मुलाला म्हटलं, तुझे टक्के आले बघ घरी. त्याचा चेहरा असा उतरला की मलाच त्याची समजूत काढावी लागली.

सून त्या दिवशी घरी उशिरा आली आणि न जेवता बसून राहिली. मुलाकडून मला कळलं ते असं, की तिला स्वतःच्याच कामाचा संशय आला होता. कॉम्प्युटरवरच्या तिच्या हिशेबांनी दाणे पुसताना एखादा डाग उगाच तयार झाला असेल, किंवा त्याहून वाईट, खऱ्या गाठीच्या कडा पुसल्या गेल्या असतील आणि म्हणून डॉक्टरला ठरवता येत नसेल. तिनं न पुसलेलं चित्र काढून पाहिलं. त्यात दाणेच दाणे, पण डाग तिथेही होता, आणि सगळं चित्र मागच्या बाजूला जरा फिसकटलेलं. बारीक कण असतील तर ते दिसण्याची शक्यताच नव्हती. तिला काही कळेना. इतकी वर्षं ज्या कामात घालवली, ते बंद करायला सांगावं की काय इथपर्यंत ती आली होती. मुलगा म्हणाला, आई, तू तिला काहीतरी बोल. मी म्हटलं, मी काय बोलू, डाग माझ्यात आहे का तिच्यात हेच अजून ठरायचंय. बोलून गेले आणि मग जीभ चावली, पण तो बिचारा स्वयंपाकघरात चहा करायला निघून गेला. त्या आठवड्यात त्यानं एवढा चहा केला की साखर संपली.

मी दुकान बंद ठेवलं नाही. बसून काय करणार, भिंती बघणार. पण कामात मन नव्हतं आणि हातांनीही दगा दिला. कात्री चालवली की उजवा खांदा ओरडायचा. काखेच्या पुढे, छातीवर, असं काही ठणकायचं की एका कोटाची बाही मी अर्धीच कापून ठेवून दिली. मनातल्या मनात मी सगळं त्या डागाच्या माथी मारत होते. दुखायला लागलं, म्हणजे आतून पसरत असणार. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होतं असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

सुईच्या दोन दिवस आधी सकाळी सून दुकानात आली. सुईच्या दिवशी काय खायचं, काय नाही, हे सांगायला आली होती. मी इस्त्री उचलायला गेले आणि हातातून ती दाणकन टेबलावर आपटली. कापडावर पडली नाही हे नशीब. सुनेनं पाहिलं आणि विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. ती हलेना. आमच्याकडे न बोलणारं माणूस एकदा हटून बसलं की बोलणाऱ्याची डाळ शिजत नाही. शेवटी मी म्हटलं, दुखतंय. कधीपासून दुखतंय, तर स्कॅनच्या दुसऱ्या दिवसापासून. कुठे, तर इथे. तिनं बोटांनी दाबून पाहिलं. गळ्याच्या हाडाखाली, मग काखेच्या पुढे. मी विव्हळले. डाव्या बाजूलाही दाबून पाहिलं. तिथेही होतं, पण कमी.

‘आई, स्कॅनच्या वेळी तुम्ही नेमकं काय केलंत?’

‘तू सांगितलंस ते केलं. धरा म्हणालीस, धरलं.’

‘काय धरलं?’

‘त्या दांड्या. अजून काय धरणार होते, तिथे दुसरं होतं काय धरायला?’

ती खाली बसली, सरळ कापडाच्या गठ्ठ्यावर, गिऱ्हाइकाच्या नव्या कापडावर. मला वाटलं हिला चक्कर आली. तर ती हसत होती, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं. आधी त्या यंत्रात लांबलचक वाक्य होतं, की आता हळूहळू श्वास सोडा आणि मी सांगेपर्यंत श्वास तसाच धरून ठेवा. ते ऐकता ऐकताच बायकांचा दम संपायचा, आणि फेरी अर्धी असतानाच त्या श्वास घ्यायच्या. छाती हलली की चित्र हललं. म्हणून चित्र सुधारावं या हेतूनं हिनं वाक्य छाटलं. बायकांना श्वासाचं आधीच समजावून सांगायचं, आणि वेळेवर फक्त दोन शब्द. सोडा. धरा. तिथल्या लोकांच्या डोक्यात धरायची गोष्ट एकच, ती म्हणजे श्वास. दिवसभर तेच बोलायचं, तेच ऐकायचं. धरा म्हटल्यावर कुणी दांडी धरेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

‘आणि श्वास?’ तिनं विचारलं.

‘श्वासाचं कुणी काही बोललंच नाही. घेत होते की मी, भरपूर घेत होते. घाबरल्यावर माणूस श्वास घेणार नाही तर काय करणार.’

मला राग आला होता, खरं सांगते. म्हणजे हे लोक एवढे शिकलेले आणि एक अख्खं वाक्य बोलायला यांना महाग. पण त्याच दमात मला आठवलं, की माझ्याकडे माप द्यायला येणारी प्रत्येक बाई टेप लावला की श्वास ओढून धरते आणि ताठ होते, आणि मी प्रत्येकीवर ओरडते, सैल राहा बाई, नाहीतर कपडा घट्ट होईल. उभा जन्म लोकांना सैल राहा म्हणून सांगण्यात गेला, आणि स्वतःचं माप द्यायची वेळ आली तर मी दांड्यांना लोंबकळले. मग मीही हसायला लागले.

सुनेला एवढ्यावर समाधान नव्हतं. ती म्हणाली, झोपा. कुठे, तर कापायच्या टेबलावर. मी खडू आणि कात्र्या बाजूला सारल्या आणि झोपले पालथी, छाती टेबलाच्या कडेबाहेर काढून. तिनं आपला हात माझ्या काखेपुढे ठेवला आणि त्या यंत्रातल्या आवाजात म्हणाली, सोडा. मी सैल पडले. धरा, म्हणाली. मी टेबलाची कड धरली, त्या दांड्या धरल्या होत्या तशी घट्ट. तिच्या हाताखाली काहीतरी टरारून फुगलं ते मलाच जाणवलं. पुन्हा सोडा, पुन्हा धरा. उजवीकडे जास्त फुगत होतं, कात्रीचा हात ना तो. ती पुटपुटली, हा स्नायू आहे, हाच मागून चित्रात येत असेल. नेमका तेव्हा मुलगा शाळेला निघायचा म्हणून बाहेर आला. आई टेबलावर पालथी, बायको तिच्या काखेत हात घालून उभी, आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी. त्यानं विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, माप चाललंय, तू जा. तो गेला नाही, त्यानं शाळेत फोन करून रजा टाकली.

हे सगळं ऐकून डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी चित्र पुन्हा उघडून नीट पाहिलं, मला हात वर करायला लावला, खाली करायला लावला. मग म्हणाल्या, शक्य आहे. स्नायू आवळला की पुढे येतो आणि तुम्ही हललात म्हणून त्याच्या कडा फिसकटल्या असतील. पण नुसत्या शक्यतेवर सुई रद्द करता येणार नाही. उजव्या बाजूचा एक स्कॅन पुन्हा करू, किरण थोडेच असतात, तेवढे चालतील.

‘गाठ असेल तर तुम्ही हात सैल सोडला म्हणून ती कुठे जाणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘डाग तिथेच राहिला, तर परवाची सुई ठरलेली. हे आधीच सांगून ठेवते.’

हसू तिथेच संपलं. म्हणजे आता त्या एका फेरीवर सगळं आलं होतं. डाग गेला तर स्नायू. राहिला तर थोरलीची वाट माझीही.

पुन्हा ते कपडे, पुन्हा ते टेबल, पुन्हा तोंड उशीत. या वेळी रेकॉर्डिंग बंद ठेवलं होतं, सून स्वतः बोलणार होती. पण आधी ती आत आली. मला फरशीवर तिच्या चपला दिसल्या. तिनं माझे हात दांड्यांपासून काढले, एकेक बोट सोडवून काढलं असं म्हणा, आणि अंगालगत ठेवले, ओले कपडे वाळत घालावे तसे. ‘आता काही धरायचं नाही, आई.’ मी विचारलं, मग काय करू. ती म्हणाली, काही नाही, नुसतं पडून राहा.

आता मला सांगा, मी कधी नुसती पडून राहिले आहे का. शिवायला सांगा, उसवायला सांगा, भांडायला सांगा. काहीच न करणं हे मला आयुष्यात जमलेलं नाही. चपला निघून गेल्या. यंत्र घरघरलं. वरून तिचा आवाज आला, आई, श्वास सोडा, आता घेऊ नका, हात सैल. मी श्वास सोडला. हातांची बोटं काहीतरी शोधायला लागली, मी त्यांना मनात दम दिला. थोरली मला सांगायची, कापड ओढू नकोस, ते त्याच्या अंगानं पडू दे, मग काप. तेच मी स्वतःला सांगत राहिले. त्याच्या अंगानं पडू दे. मग एकदाचा आवाज आला, घ्या श्वास, आणि मी असा श्वास घेतला की काचेपलीकडे ऐकू गेला असेल.

बाहेर बाकावर बसले. मुलगा शेजारी होता, त्यानं चहा आणला होता, अर्थातच. टेक्निशियनबाई येऊन माझा हात हातात घेऊन गेली. तिला फार लागलं होतं. म्हणाली, मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही सांगत होतात, मीच तोंड घातलं मध्ये. तिनं आत जाऊन सुनेबरोबर मागच्या काही बायकांची चित्रं काढली, ज्यांची मागची बाजू अशीच फिसकटली होती, आणि त्यांना पुन्हा बोलवायचं ठरवलं. आवाजाचं मग पुढे झालं. सून म्हणाली, आई, तुमच्या आवाजात भरू, तुमचा यंत्राच्या घरघरीतही ऐकू जातो आणि ऐकणारा घाबरून तरी नीट वागतो. मी भरून दिला, एका दमात, एक शब्द न छाटता. पण ते नंतरचं. त्या वेळी मी बाकावर बसून समोरच्या दाराच्या मुठीकडे बघत होते.

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. खोलीत अंधूक उजेड, भिंतीला मोठा पडदा, पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी. सून कोपऱ्यात उभी. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

डॉक्टरबाईंनी डावीकडे बोट दाखवलं. हे आधीचं. मागे तो धुरकट डाग, मलाही दिसला, आणि त्याच्याभोवती सगळं पुसट, ओल्या हातानं खडू फासल्यासारखं. मग उजवीकडे बोट नेलं. हे आजचं. मला वाचता येत नाही चित्र, पण कापड चांगलं की वाईट हे लांबून कळतं. काळ्यावर पांढरे धागे, एकेक वेगळा, शेवटपर्यंत गेलेले. मागे स्नायू सपाट पडलेला, त्याची कड सरळ. आणि त्याच्या पुढे काही नाही.

‘काही नाही,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘मी तिन्ही बाजूंनी पाहिलं. डाग स्नायूचाच होता. सुईची गरज नाही.’

मग त्यांनी दोनतीन बारीक ठिपके दाखवले, इतके बारीक की मला डोळे पडद्याला लावावे लागले. म्हणाल्या, हे चुन्याचे कण, साधे, गोल, वयानं येतात, यांची काळजी नको. आधीच्या चित्रात हे हलण्यात वाहून गेले होते. आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, तुझ्या पुसण्यातून हे वाचलेत बघ, एकही गेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा या, असं मला सांगून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मुलगा आत आला, त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा पडला, की पायांतलं बळच गेलं. मी उभी होते ती डुगडुगायला लागले. खुर्ची लांब होती. समोर सून, दोन्ही हात अर्धे पुढे केलेले आणि तिथेच थांबलेले. आमच्यात कधी गळ्यात पडणं नव्हतंच. ती मला वाकून नमस्कारही लांबूनच करायची आणि मीही तिच्या पाठीवर कधी हात फिरवला नव्हता. तिला कळेना, पुढे यावं का येऊ नये.

‘अगं, बघत काय उभी राहिलीस,’ मी म्हटलं. ‘धर मला.’

तिनं धरलं. एवढीशी पोर, पण धरलं ते असं, की माझा दुखरा खांदा कळवळला. तिचं डोकं माझ्या गळ्याशी होतं आणि ती रडत होती, आवाज न करता, तिच्या पद्धतीनं. मी माझ्या पद्धतीनं रडले, ते बाहेर बाकापर्यंत ऐकू गेलं असं मुलगा नंतर म्हणाला. बऱ्याच वेळानं मी नाक पुसलं आणि म्हटलं, सोड आता, दुकानात एक कोट अर्ध्या बाहीचा पडलाय.

तिनं सोडलं नाही. मीही मग पुन्हा सांगितलं नाही.